गूळ घातलाय, साखर नाही

लग्न होऊन मी वळसंगला आले ती १९८५ साली. त्या वर्षी दिवाळीच्या आठ दिवस आधी सासूबाईंनी माझ्या हातात तुपाचा डबा, दोन पिशव्या आणि एक सूचना दिली. पिशव्यांत मैदा आणि पिठीसाखर. सूचना अशी, की बेकरीवाल्यासमोरून हलायचं नाही. आपली नजर चुकली की आपलं तूप दुसऱ्याच्या घमेल्यात जातं. अक्कलकोटहून येणाऱ्या एसटीत बसून मी सोलापूर गाठलं. अंतर विसेक किलोमीटर, पण मांडीवर तुपाचा डबा असला की ते पन्नास वाटतं. भट्टीसमोर माझ्यासारख्या तीस-चाळीस बायका आपापल्या पत्र्यांवर लक्ष ठेवून उभ्या होत्या. संध्याकाळी मी डबाभर नानकटाई घेऊन परतले, तेव्हा सासूबाईंनी पहिली नानकटाई तोडून वास घेतला आणि म्हणाल्या, ‘तूप आपलंच आहे.’ सून म्हणून मी पास झाले ती त्या दिवशी.

ही नानकटाई मूळची कुठली यावर जाणकारांत एकमत नाही. ‘नान’ म्हणजे फारसीत भाकरी हे ठीक. पण ‘खताई’चा संबंध काही जण ‘खता’ म्हणजे चीनशी जोडतात. खरं असेल तर आमची दिवाळी इतकी वर्षं चीनच्या भाकरीवर साजरी होत होती म्हणायची. चीन या लेखात पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून सांगून ठेवते.

घरात भट्टी आली ती २०२० साली. टाळेबंदीत मुलगी पुण्यात अडकली, आम्ही इथे. तिने विजेवर चालणारी छोटी भट्टी पाठवून दिली, सोबत निरोप : ‘आई, बाहेरचं काही आणू नकोस, घरीच कर.’ तोवर माझी मजल कुकरची शिट्टी काढून केलेल्या केकपर्यंत आणि त्याआधी कढईत वाळू तापवून केलेल्या केकपर्यंतच होती. आता काचेतून आत बघता येत होतं. नव्याची नवलाई म्हणून पहिले आठ दिवस आम्ही दोघी सासवा-सुना टीव्ही सोडून त्या काचेसमोर खुर्च्या टाकून बसायचो.

सासूबाईंना (मी त्यांना आत्या म्हणते) साखरेचा आजार. तेव्हा त्याला बारा वर्षं झाली होती. म्हणून मी ठरवलं, मैदा नको, साखर नको. ज्वारी तर घरचीच. आमच्या जिल्ह्यात ज्वारीला काय तोटा? मालदांडी मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ज्वारीचं बिस्किट करणं हे मैद्याइतकं सोपं नाही. गव्हात जो चिकट भाग असतो तो ज्वारीत नसतोच, त्यामुळे पीठ एकमेकांना धरत नाही. भाकरीला आपण आधणाचं पाणी घालतो ते यासाठीच. उकळत्या पाण्याने पिठातला पिष्टमय भाग फुगतो आणि गोंदासारखं काम करतो. जुन्या पिठाची विरी गेली असेल तर आधणाशिवाय भाकरी थापताच येत नाही. बिस्किटात पाणी घालून चालत नाही, तिथे ती जबाबदारी तुपावर आणि गुळावर येते. माझे पहिले तीन घाणे चमच्याने खावे लागले. चौथा जमला.

मग शेजारी वाटले. शेजारच्यांनी पाहुण्यांना दिले. कुणीतरी पैसे पुढे केले. २०२१ सालच्या दिवाळीपर्यंत मी महिन्याला पंधरा-वीस किलो बिस्किटं करू लागले होते आणि मुलीने संगणकावर छापून दिलेली चिठ्ठी पाकिटावर लागत होती : ‘मैदा नाही. साखर नाही. ज्वारी आणि सेंद्रिय गूळ.’ संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केल्याचं पुढे कळलं तेव्हा मला वाटलं, जगच आपल्या मागून चाललंय. हा गर्व इथे लिहिलेला बरा, कारण तो उतरला कसा ते आता सांगायचंय.

२०२२ च्या उन्हाळ्यात आत्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर तपासली. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना ही तपासणी ठाऊक असेल. रक्तातल्या तांबड्या पेशींना चिकटलेली साखर त्यात मोजतात. त्या पेशी साधारण चार महिने जगतात, त्यामुळे आदल्या दिवशी उपाशी राहून डॉक्टरांना फसवता येत नाही. आधीच्या वेळी आकडा ७.२ होता. या वेळी ९.१.

डॉक्टरांनी विचारलं, ‘आजी, खाण्यात काय बदल केला?’

‘काही नाही,’ आत्या म्हणाल्या. ‘भात सोडला. चहा बिनसाखरेचा. बाकी सुनेची औषधी बिस्किटं.’

‘औषधी’ हा शब्द त्यांचा. मी तो कधी वापरला नव्हता. पण मी तो कधी खोडलाही नव्हता.

‘दिवसाला किती खाता?’ ‘सहा. कधी आठ. साखर नाहीच त्यात.’ डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. बोलले काहीच नाहीत.

घरी आल्यावर मी वही काढली. माझी कृती अशी : पीठ २५० ग्रॅम, गूळ १५० ग्रॅम, तूप १२५ ग्रॅम, बिस्किटं चाळीस. म्हणजे एका बिस्किटात पावणेचार ग्रॅम गूळ. दिवसाला सहा म्हटलं तरी साडेबावीस ग्रॅम, चहाचे पाच चमचे भरून. वर चार चमचे तूप आणि जवळजवळ अर्ध्या भाकरीचं पीठ. गुळात थोडं लोह असतं, थोडी खनिजं असतात, आणि बाकी साखरच असते. रक्ताला ती चुलाणावरून आली की कारखान्यातून, हे कळत नाही. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई मी. चाळीसने भागायला मला दोन वर्षं लागली.

रात्री मी आत्यांसमोर बसून हे सगळं सांगितलं. त्यांना राग येईल असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, ‘बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्या बशीकडे कोणी बघत नव्हतं बघ. तुझी बिस्किटं खाताना तेवढं बरं वाटायचं.’

त्यावर मला उत्तर सुचलं नाही. घरातला आजारी माणूस म्हणजे ज्याच्या ताटावर सगळ्यांचे डोळे. लग्नाच्या पंगतीत जिलबी आली की आम्ही चौघं एकदम त्यांच्याकडे बघायचो. हे प्रेमच होतं, पण बारा वर्षं असं प्रेम अंगावर घेणं सोपं नसावं. आणि मी काय केलं, तर डोळे मिटून घेण्याची सोय करून दिली. त्यांना आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांकडे गेले. सात घरांत साखरेचे रुग्ण होते. वहीत नावं होतीच. एका घरात कन्नड बोलणाऱ्या आजींनी ऐकून घेतलं आणि हसून पाकीट पदराखाली घेतलं, ‘असू दे की, मी दोनच खाते.’ एका घरात मात्र मुलगा तडकला. त्याचे वडील माझंच बिस्किट ‘पथ्याचं’ म्हणून खात होते. तो जे बोलला ते मी निमूट ऐकलं. त्याचं चूक नव्हतं. पाकिटावरची चिठ्ठी मी बदलली : ‘गूळ आहे. साखरेचा आजार असेल तर एकच, तेही विचारून.’ महिन्याचे पंधरा-वीस किलो सातावर आले.

त्याच पावसाळ्यात आत्यांचे डोळे दाखवायला पुण्याला गेलो. या आजारात डोळ्यांचा पडदा दर वर्षी तपासून घ्यावा लागतो. पडदा सुखरूप निघाला. त्या आनंदात मुलगी म्हणाली, ‘आजी, आज तुला चीनचं जेवण देते. तळलेलं नाही, गोड नाही, सगळं वाफेवरचं.’ आम्ही शाकाहारी, त्यामुळे आमची धास्ती वेगळी होती. पण तिने सगळं विचारून घेतलं होतं.

डिमसम म्हणजे नेमकं काय, हे तिथेच कळलं. दक्षिण चीनमध्ये, कँटन आणि हाँगकाँगकडे, सकाळी चहाच्या दुकानात जाऊन चहाबरोबर हे बारके बारके पदार्थ खायची पद्धत आहे. तिकडे या प्रकाराला ‘चहा पिणं’ असंच म्हणतात, खाणं जोडीला. आमच्या टेबलावर बांबूच्या लहान टोपल्या आल्या. झाकण काढलं, वाफ चष्म्यावर आली, आणि आत्या ओरडल्याच, ‘अगं बाई, ही तर दिंडं!’

आमच्याकडे नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. म्हणून त्या दिवशी दिंडं. कणकेच्या पारीत पुरण घालून चौकोनी घडी करायची, पातेल्यात पाणी, वर चाळण, चाळणीत ओलं फडकं, आणि वाफ. टोपलीत तेच होतं, पुरणाच्या जागी कोबी आणि अळंबी. दुसऱ्या टोपलीतल्यांची पारी काचेसारखी, आतलं गाजर बाहेरून दिसणारी. आत्यांनी ती बोटाने दाबून पाहिली. वाढणारी मुलगी ईशान्येकडची होती, हिंदी बोलत होती. आत्यांनी आपल्या सोलापुरी हिंदीत तिला आत पिटाळलं : विचारून ये, पीठ कशाचं. ती हसत गेली आणि सांगत आली, की गव्हातला चिकट भाग काढून टाकल्यावर जे पांढरं सत्त्व उरतं ते, आणि त्यात उकळतं पाणी ओतून मळायचं.

‘म्हणजे आधण,’ आत्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. ‘चिकटपणा गेला की आधणच लागतं. कुठेही जा.’

एका टोपलीत तीन नग. माणसं चार. आत्यांनी आधी किंमत विचारली, मग नगांनी भागली, आणि जावयांना म्हणाल्या, ‘एवढ्यात वळसंगला जेवणावळ होते.’ चहा आला तो मोगऱ्याच्या वासाचा, बिनदुधाचा, बिनसाखरेचा. आणि सगळ्यांनाच तसा! साखर मागितली तर मुलीने सांगितलं, या चहात घालतच नाहीत. आत्यांनी टेबलाभोवती नजर फिरवली. एकट्या त्यांचाच कप वेगळा नव्हता. त्यांनी तीन कप घेतले.

आता हेही पथ्याचं असं समजून मी पुन्हा फसणार नव्हते. काचेसारखी पारी म्हणजे निव्वळ पिष्ट. वाफ तेल वाचवते, पीठ वाचवत नाही. आणि बुडवायला दिलेल्या सोयाच्या काळ्या पाण्यात मीठ चिक्कार, आत्यांना रक्तदाबही आहे. मी हे बोलायला तोंड उघडलं तोवर त्यांनी पिशवीतून डबी काढली होती. शेंगाचटणी! उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली. काळं पाणी बाजूला सारून त्यांनी डिमसमला आमची चटणी लावली. वाढणाऱ्या मुलीलाही दिली. तिने डोळे पुसत पुसत आणखी मागितली.

निघताना आत्यांना कोटणीस आठवले. सोलापूरच्या माणसाला चीन म्हटलं की तेच आठवतात. भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे. ‘कोटणीस डॉक्टर तिकडे हेच खात असतील का गं?’ मी सांगितलं, नसावेत. हे पदार्थ दक्षिणेचे. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून गेले ते उत्तर चीनच्या डोंगराळ भागात पोचले आणि १९४२ साली तिथेच, बत्तिसाव्या वर्षी वारले. त्या मुलखातल्या सैन्याचं रोजचं अन्न म्हणजे राळे. आत्या थबकल्या. ‘राळे? आपले? भोगीचे?’ भोगीला राळ्याचा भात आमच्याकडे अजून होतो, पण मूठभर, शास्त्रापुरता. आत्यांच्या लहानपणी ते गरिबाचं धान्य होतं, शेतात ज्वारीबरोबर पेरलेलं. ‘मग त्यांना घरच्यासारखं वाटलं असेल,’ त्या म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या.

पुढच्या तपासणीत आकडा ७.८ आला. त्याचं श्रेय कुणाला द्यायचं ठाऊक नाही. गोळी बदलली होती, बिस्किटं कमी झाली होती, आणि आत्या संध्याकाळी देवळापर्यंत चालू लागल्या होत्या. मी आता तिखटमिठाची बिस्किटं करते, ज्वारी, तीळ, जिरं घालून. खरं सांगायचं तर आपली कडक भाकरी त्यापेक्षा बरी लागते, आणि तिला भट्टीही लागत नाही. पण गोडाचा डबाही घरात आहे. तो मी लपवत नाही, आणि तो उघडला की आम्ही दुसरीकडे बघतो. हे जमायला चौघांनाही कष्ट पडले.

यंदाच्या नागपंचमीला दिंडं केली. दुपारी एकीची भाकरी कमी करून आत्यांनी एक दिंड घेतलं, वर तूप मागितलं, सावकाश खाल्लं. मग चाळणीकडे बघून म्हणाल्या, ‘किती उरलीत?’

‘नऊ,’ मी म्हणाले.

‘मोजलीस होय?’

मी नाही म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि अर्धं मोडून उरलेलं अर्धं माझ्या ताटात टाकलं.