दिल्लीहून एक दिवस पानिपतला

दिल्लीला येणारे मराठी पाहुणे लाल किल्ला, कुतुबमिनार, आग्रा, मथुरा असा बेत ठरवूनच येतात. पानिपत मात्र कुणाच्याच यादीत नसतं. परीक्षेपासून निवडणुकीपर्यंत कुणाचंही ‘पानिपत झालं’ असं आपण सहज म्हणतो, पण पानिपत हे चादरी, गालिचे आणि लोणच्यांसाठी प्रसिद्ध असलेलं गजबजलेलं शहर आहे आणि दिल्लीपासून साधारण ९० किलोमीटरवरच आहे, हे विसरतो. एक दिवस हाताशी असेल तर मुलांना घेऊन नक्की जा. फक्त आदल्या दिवशी लाल किल्ला बघून घ्या.

तिथल्या दिवाण-ए-खासमध्ये उभं राहून वर बघा. या दालनाच्या छताला एकेकाळी चांदी होती. १७६० च्या ऑगस्टमध्ये सदाशिवराव भाऊंनी दिल्ली घेतली, तेव्हा फौजेचा पगार द्यायला पैसा नव्हता. मग ती चांदी उतरवून तिची नाणी पाडली गेली. पुढे काय होणार याची चाहूल या छताखालीच लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघा. रस्ता सरळ उत्तरेला जातो. भाऊ याच दिशेने कुंजपुऱ्यापर्यंत गेले, तो किल्ला जिंकला आणि तेवढ्यात, २५ ऑक्टोबर १७६० च्या सुमारास, अहमदशाह अब्दालीने बागपतजवळ भरलेली यमुना ओलांडली. तो मराठे आणि दिल्ली यांच्या मधोमध येऊन बसला. म्हणजे दिल्लीहून पानिपतला जाताना आपण अब्दालीच्या बाजूने जात असतो! मराठ्यांची तोंडं दक्षिणेकडे, घराकडे होती, आणि घरी जायची वाट बंद होती.

वाटेत मुरथलला सगळे थांबतात, तुम्हीही थांबा. लोण्याचा गोळा घातलेला पराठा समोर आला की मुलांना सांगा, इथून पुढे थोड्याच अंतरावर आपली माणसं अडीच महिने अडकून पडली होती आणि शेवटी उपाशी होती. छावणीत सैनिकांबरोबर बायका, मुलं, यात्रेकरूही होते. रसद आणणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले. १४ जानेवारी १७६१ ला फौज बाहेर पडली ती उपासमारीला कंटाळून.

काला आम शहरापासून सुमारे ८ किलोमीटरवर आहे. ‘बघण्यासारखं’ फारसं नाही, हे आधीच सांगते. पूर्वी इथे आंब्याचं झाड होतं, रक्ताने त्याची फळं काळी पडली अशी आख्यायिका आहे. आता तिथे विटांचा स्मारकस्तंभ आहे. अठरा वर्षांचे विश्वासराव आणि भाऊ याच युद्धात पडले. मराठ्यांचा तोफखाना सांभाळणारा इब्राहिमखान गारदी शेवटपर्यंत त्यांच्याच बाजूने लढला, पकडला गेला आणि मारला गेला. मुलांना हे नावही सांगा, शाळेत ते एका ओळीत संपतं.

शहरात इब्राहिम लोदीची कबर (पहिलं युद्ध, १५२६), बाबराने बांधलेली काबुली बाग मशीद आणि बू अली शाह कलंदर यांचा दर्गा आहे. शायर अल्ताफ हुसेन हाली याच गावचे. देवी मंदिर मराठा सरदाराने बांधलं असं स्थानिक लोक सांगतात. वेळ कमी असेल तर कबर आणि मशीद झटपट पाहा, देवी मंदिर मात्र चुकवू नका.

हरियाणातला रोड समाज स्वतःला पानिपतातून वाचलेल्या मराठ्यांचा वंशज मानतो. इतिहासकारांचं यावर एकमत नाही. पण दर १४ जानेवारीला काला आमला शौर्य दिवस होतो, तेव्हा महाराष्ट्रातून आलेल्या लोकांसोबत तेही येतात. त्या दिवशी जाणार असाल तर दाट धुक्याची तयारी ठेवा, गाडी सावकाश चालवा आणि तिळगुळाचा डबा थोडा मोठा घ्या.