स्वायत्त मंडळीची शंभर वर्षे

अडोनिराम जडसन हा तरुण मिशनरी १८१२ साली अमेरिकेहून हिंदुस्थानास यावयास निघाला. जहाजावर पवित्र शास्त्राचे परिशीलन करीत असता बालकांना दिल्या जाणाऱ्या बाप्तिस्म्यास शास्त्राधार आहे की नाही, असा संशय त्याच्या मनात उत्पन्न झाला, आणि कलकत्त्यास उतरल्यावर त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्याने पाण्यात पूर्ण बुडून नव्याने बाप्तिस्मा घेतला. त्याचा सहकारी ल्यूथर राइस त्याच्या पाठोपाठ गेला. दुसरा सहकारी गॉर्डन हॉल मात्र मूळ मतावर स्थिर राहून १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस पोहोचला व आपल्याकडील अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ झाला. ज्या संस्थेने या सर्वांना पाठविले होते ती बाप्टिस्ट नसल्यामुळे जडसनचा तिच्याशी असलेला संबंध सुटला, आणि त्याच्या निर्वाहाची तरतूद करण्यासाठी राइस स्वदेशी परतून गावोगाव हिंडला. त्या खटपटीतून १८१४ च्या मे महिन्यात फिलाडेल्फिया येथे अमेरिकन बाप्टिस्टांची पहिली राष्ट्रव्यापी परिषद भरली.

अमेरिकेतील ‘स्वतंत्र बाप्टिस्ट’ म्हणविणाऱ्या मंडळ्यांच्या शतकाचा मागोवा घेताना ही जुनी हकीकत आरंभी सांगितली, कारण बाप्टिस्टांची मोठी संघटना उभी राहिली ती कोणत्याही धर्ममताचा निवाडा करण्यासाठी नसून दूरदेशी असलेल्या एका मिशनऱ्याचा खर्च चालविण्यासाठी उभी राहिली, आणि शंभर वर्षांनी जी फूट पडली तीही नेमकी याच ठिकाणी, म्हणजे मिशनऱ्याचा खर्च कोणी, कोणाच्या हातून व कोणाच्या हुकमाने चालवावा या प्रश्नावर पडली.

‘स्वतंत्र’ हे विशेषण बाहेरच्या वाचकास प्रथमदर्शनी पुनरुक्तीच वाटेल. १६०९ साली अॅम्स्टरडॅम येथे जॉन स्मिथ व थॉमस हेल्विस या इंग्रज निर्वासितांनी पहिली बाप्टिस्ट मंडळी स्थापिली तेव्हापासून समजून उमजून विश्वास धरणाऱ्यासच बाप्तिस्मा द्यावा व प्रत्येक मंडळीने आपला कारभार आपण पाहावा, ही दोन तत्त्वे या पंथाच्या मुळाशी आहेत. बाप्टिस्टांत बिशप नाही. पाळकाची नेमणूक मंडळी करते, त्यास दूरही तीच करते, आणि उपासनेची वास्तू तिच्याच मालकीची असते. मग ज्या पंथात प्रत्येक मंडळी जन्मतः स्वायत्त आहे त्यात काहींनी आपणांस आणखी स्वतंत्र का म्हणवून घ्यावे? याचे उत्तर सिद्धांतात शोधू गेल्यास फारसे हाती लागत नाही, कारण बाप्तिस्मा, प्रभुभोजन, पवित्र शास्त्राचे प्रामाण्य व तारण यांविषयी एखादी स्वतंत्र बाप्टिस्ट मंडळी व तिच्या शेजारची सनातनी वृत्तीची सदर्न बाप्टिस्ट (म्हणजे दक्षिणेकडील बाप्टिस्ट परिषदेशी जोडलेली) मंडळी यांच्या मतांत फारच थोडे अंतर आढळते. ते शोधावे लागते जमाखर्चाच्या वहीत.

पहिल्या महायुद्धानंतरचा काळ अमेरिकेतील चर्चजीवनात मोठ्या खळबळीचा होता. जर्मन विद्यापीठांतून आलेली शास्त्रचिकित्सा आणि डार्विनचा उत्क्रांतिवाद यांचा शिरकाव धर्मशिक्षणाच्या विद्यालयांत झाला होता. त्याच्या विरोधात उभे राहिलेल्या बाप्टिस्टांसाठी कर्टिस ली लॉज या संपादकाने १९२० साली ‘फंडामेंटलिस्ट’ म्हणजे मूलतत्त्ववादी हा शब्द घडविला, आणि तो त्या वेळी अभिमानाचा शब्द होता. उत्तरेकडील बाप्टिस्टांत हा संघर्ष उघड झाला. सामान्य सभासदाने रविवारी पेटीत टाकलेले नाणे मध्यवर्ती खजिन्यातून फिरत जाऊन, ख्रिस्ताचा कुमारीजन्म न मानणाऱ्या अध्यापकाच्या वेतनात पडते, ही मूलतत्त्ववाद्यांची मुख्य फिर्याद होती. आणि तिच्यामागे खरी वेदना होती हे त्यांच्याशी मतभेद असणाऱ्यानेही मान्य करावे. या असंतोषातून १९२० साली बाप्टिस्ट मिड-मिशन्स आणि १९२७ साली पौर्वात्य देशांत सुवार्ताप्रसार करू इच्छिणारी दुसरी एक मिशन संस्था निघाली. ती दुसरी संस्था फिलिपाइन्समधील एका मिशनरी डॉक्टरच्या सुवार्ताकार्यावर त्याला पाठविणाऱ्या संस्थेच्या मुख्य दफ्तराने आणू पाहिलेल्या मर्यादांतून जन्मली. पुढे १९३२ साली शिकागो येथे जनरल असोसिएशन ऑफ रेग्युलर बाप्टिस्ट चर्चेस स्थापन झाली. उत्तरेकडील बाप्टिस्टांच्या परिषदेचा त्याग केलेल्या मंडळ्यांचा तो एक मर्यादशील संघ होता. मंडळ्यांवर हुकमत चालविण्याचा अधिकार त्याने आपणाकडे घेतला नाही.

दक्षिणेकडे वळताच कथेस निराळाच रंग चढतो, कारण तेथे तिला एक प्रचंड व अस्वस्थ करणारे व्यक्तिमत्त्व लाभले. जॉन फ्रँक नॉरिस हा १९०९ साली टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथील फर्स्ट बाप्टिस्ट चर्चचा पाळक झाला व १९५२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या व्यासपीठावर राहिला. सदर्न बाप्टिस्टांनी १९१९ साली साडेसात कोटी डॉलरांची पंचवार्षिक निधिमोहीम जाहीर केली, प्रत्येक मंडळीस तिचा हिस्सा ठरवून दिला, आणि ९ कोटी २० लाखांहून अधिक डॉलरांची वचने जमा झाल्यावर त्या भरवशावर संस्थांनी खर्च वाढविले. प्रत्यक्ष वसुली ५ कोटी ८० लाखांच्या आसपास थांबली व कर्ज डोक्यावर राहिले. नॉरिसने या मोहिमेस विरोध केला, बेलर विद्यापीठात उत्क्रांतिवाद शिकविला जातो असा डांगोरा आपल्या पत्रातून पिटला, आणि परिणामी प्रथम स्थानिक संघाने व नंतर टेक्सासच्या परिषदेने त्याच्या मंडळीस बाहेर घातले. १९२५ साली सदर्न बाप्टिस्टांनी सहकारी निधियोजना सुरू केली. मंडळीने आपल्या उत्पन्नाचा स्वेच्छेने ठरविलेला हिस्सा राज्य परिषदेकडे पाठवावा, तिने त्यातील काही भाग राष्ट्रीय संस्थांकडे रवाना करावा, आणि त्यातून मिशनऱ्यांस नियमित वेतन मिळावे, अशी ही व्यवस्था होती. माझ्या मते ती अत्यंत शहाणपणाची होती. परंतु ज्यास आपला पैसा कोठे जातो हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावयाचे होते त्याच्या दृष्टीने तीच बंधनाची सनद ठरली.

नॉरिसचा स्वभाव सांगण्यास एवढे पुरे की १९२६ साली त्याने आपल्या कचेरीत आलेल्या एका निःशस्त्र प्रतिपक्ष्यास गोळी घालून ठार केले, पुढील वर्षी आत्मसंरक्षणाच्या मुद्द्यावर निर्दोष सुटला, आणि तरीही त्याचा श्रोतृवर्ग टिकून राहिला. १९३५ पासून तो हजार मैलांहून दूर असलेल्या डेट्रॉइटच्या टेम्पल बाप्टिस्ट चर्चचाही पाळक होता व दोन्ही मंडळ्यांचा कारभार एकाच वेळी चालवीत असे. परिषदेची मुखत्यारी अमान्य करून निघालेल्या चळवळीत एकाच पुरुषाची मुखत्यारी इतकी वाढली की १९५० साली त्याच्याच अनुयायांस ती असह्य झाली. डेट्रॉइटमधील त्याचा सहायक व त्या वेळी त्याच्या विद्यालयाचा अध्यक्ष असलेला जॉर्ज बोशां व्हिक याच्याशी त्याचे वितुष्ट आले, आणि व्हिकच्या बाजूच्या पाळकांनी बाप्टिस्ट बायबल फेलोशिप स्थापून मिसूरीतील स्प्रिंगफील्ड येथे आपले महाविद्यालय उघडले. ही फेलोशिप मंडळ्यांची नव्हती, पाळकांची होती; मंडळी कोणत्याही संघटनेची सभासद होणार नाही, पाळक मात्र पाळकांशी मैत्री राखील, हा तिचा दंडक होता. मला या वंशाचे सर्वांत अचूक लक्षण हेच वाटते.

खजिना नाकारल्यावर मिशनऱ्याची व्यवस्था कशी लागली, हे थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. परदेशी जाऊ इच्छिणारा तरुण पत्नी व मुले यांसह मोटारीत बसून राज्याराज्यांतून मंडळीमागून मंडळी गाठतो. कोठे रविवारी सकाळी, कोठे बुधवारच्या सायंप्रार्थनेस तो आपले पाचारण निवेदन करतो, कुटुंबाचे छायाचित्र व इष्ट देशाचे नाव छापलेली कार्डे वाटतो, आणि प्रत्येक मंडळी आपल्या ऐपतीप्रमाणे त्यास दरमहा पाठवावयाची लहानशी रक्कम ठरविते. अशा अनेक मंडळ्यांची वचने जमून पुरेशी रक्कम झाली म्हणजे मगच तो जहाजावर वा विमानात पाऊल ठेवतो. यात दोन किंवा तीन वर्षे सहज निघून जातात. मुलांच्या शिक्षणाची आबाळ होते, श्रम व पैसा वाटेत खर्ची पडतो, आणि बोलका मिशनरी अबोल मिशनऱ्याच्या पुढे जातो, हे दोष खरे आहेत. तथापि ज्या कुटुंबाने मंडळीच्या घरी जेवण घेतले, ज्याच्या मुलांची नावे तिला पाठ आहेत, त्याच्यासाठी होणाऱ्या प्रार्थनेत जो जिव्हाळा असतो तो मध्यवर्ती दफ्तरातून निघालेल्या वार्षिक अहवालाने उत्पन्न होत नाही, आणि या एका बाबतीत स्वतंत्र बाप्टिस्टांनी काही मौल्यवान जपले असे मी निःसंकोच म्हणेन. ल्यूथर राइसची ती जुनी पायपीट त्यांनी शतकभर चालू ठेवली.

दुसऱ्या महायुद्धानंतरची तीस वर्षे या मंडळ्यांच्या भरभराटीची होती. चॅटानूगा येथे ली रॉबर्सनने हायलंड पार्क चर्चच्या आश्रयाने १९४६ साली टेनेसी टेम्पल महाविद्यालय काढले. १९५६ साली जेरी फॉलवेलने व्हर्जिनियातील लिंचबर्ग येथे पस्तीस माणसांनिशी थॉमस रोड चर्च सुरू केले. १९५९ साली जॅक हाइल्स इंडियानातील हॅमंड येथे आला आणि शिकागोच्या गरीब वस्त्यांतील मुलांना रविवारच्या शाळेत आणण्यासाठी बसगाड्यांचा ताफा फिरू लागला. जॉन राइसचे ‘सोर्ड ऑफ द लॉर्ड’ हे १९३४ पासून निघणारे पत्र या विखुरलेल्या जगाचा दुवा होते. याच राइसने १९५७ साली प्रसिद्ध सुवार्तिक बिली ग्रॅहमची साथ सोडली, कारण न्यूयॉर्कच्या सभांत ग्रॅहमने उदारमतवादी धर्मगुरूंचे साहाय्य घेतले होते. ग्रॅहम स्वतः सदर्न बाप्टिस्ट होता, त्याच्या उपदेशात राइसला दोष दिसत नव्हता. दोष होता तो संगतीत. अश्रद्धेपासून दूर राहावे एवढ्याने न भागता, तिच्यापासून दूर न राहणाऱ्या श्रद्धावंतापासूनही दूर राहावे, हे दुसऱ्या पायरीचे पृथक्त्व तेव्हापासून या पंथाची ओळख होऊन बसले. वेशभूषा, संगीत, नाट्यगृहे यांविषयीचे कडक निर्बंध याच वृत्तीची अपत्ये होत.

१६११ च्या किंग जेम्स या इंग्रजी भाषांतराविषयीचा आग्रह मात्र पुष्कळ नंतरचा आहे, आणि तो सर्वांचा नाही. १९५२ साली सुधारित प्रमाण आवृत्ती निघाली, तिच्यामागे उदारमतवादी चर्चपरिषद होती, यशयाच्या भविष्यवाणीतील ‘कुमारी’च्या जागी तिने ‘तरुण स्त्री’ असा शब्द घातला, आणि संशय दृढ झाला. १९७० नंतर किंग जेम्स भाषांतराव्यतिरिक्त इंग्रजीतील अन्य सर्व भाषांतरे भ्रष्ट होत असे मानणाऱ्यांचा एक गट प्रबळ झाला. ज्या बाप्टिस्ट परंपरेत विल्यम कॅरीने बंगालमधील श्रीरामपूर येथे बसून १८०५ साली मराठीचे व्याकरण व १८११ साली मराठी नवा करार छापला, शास्त्र प्रत्येकाच्या मातृभाषेत पुनःपुन्हा उतरविण्याचे व्रत घेतले, तिच्याच एका शाखेने एका भाषेतील एका भाषांतरास अंतिम ठरवावे, याचे मराठी वाचकास दुःख वाटल्यावाचून राहणार नाही.

१९७९ नंतर सदर्न बाप्टिस्ट परिषदच सनातन मताच्या नेत्यांच्या हाती आली आणि बाहेर राहण्याचे मूळ कारण उरले नाही. फॉलवेलच्या मंडळीने १९९६ साली त्या परिषदेशी संबंध जोडला. टेनेसी टेम्पल २०१५ साली बंद पडून दुसऱ्या संस्थेत विलीन झाले.

आणि मग २०१८ चा डिसेंबर आला. नॉरिसच्याच फोर्ट वर्थ शहरातील ‘स्टार-टेलिग्राम’ या वृत्तपत्राने स्वतंत्र बाप्टिस्टांच्या १८७ मंडळ्या व संस्थांतील लैंगिक अत्याचाराचे किमान ४१२ आरोप प्रसिद्ध केले. एका मंडळीत दोषी ठरलेला वा संशयित पाळक दुसऱ्या राज्यातील मंडळीत मित्राच्या शिफारशीने रुजू होत असे, कारण विचारणा करावयास वर कोणी नव्हते व विचारणा करणारा बाजूचा मित्रच होता. सदर्न बाप्टिस्ट परिषदेच्या बाजूस दफ्तर होते. परंतु २०२२ च्या चौकशी अहवालाने दाखविले की सातशेहून अधिक आरोपितांची यादी त्या दफ्तरात वर्षानुवर्षे पडून होती आणि प्रत्येक मंडळी स्वायत्त आहे हेच कारण सांगून ती दडविली गेली होती. जेथे खजिना एकत्र होता तेथे आणि जेथे तो मोडून टाकला होता तेथे, दोन्हीकडे स्वायत्ततेचे तेच एक तत्त्व दुर्बळांच्या विरुद्ध वापरले गेले. ते उघडकीस आले ते ना पाळकांमुळे, ना कारभाऱ्यांमुळे; ज्यांना लहानपणी गप्प बसविले गेले होते त्या स्त्रियांनी, कित्येकींनी वीस-तीस वर्षांनी, आपली नावे छापावयास दिली म्हणून.