दुधाच्या खाड्यापासून डेटापर्यंत

साक्रीतल्या माझ्या एका मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात दाराआड कॅलेंडर टांगलेले असते. दुधाचा खाडा, नवा गॅस कधी लावला, दळण कधी टाकले, सारे त्यावर पेन्सिलीने टिपलेले. गेल्या पावसाळ्यात तिने विचारले, "अगं, मराठी घेऊन बी. ए. झालेल्या बाईला डेटा अ‍ॅनॅलिटिक्स जमेल का गं?" मी त्या कॅलेंडरकडे बोट दाखवले.

डेटा म्हणजे तरी काय, नोंदीच ना! त्या निवडायच्या, मांडायच्या आणि 'असे का झाले' ते शोधायचे. 'निवडायच्या' हा शब्द मुद्दामच वापरला. कुणी 'पिंपळनेर' लिहितो, कुणी 'पिंपळणेर'. संगणकाला ती दोन गावे वाटतात. तांदळातले खडे वेचावे तसे हे वेचावे लागते आणि बराचसा वेळ त्यातच जातो.

शिवाय वाट बदलून इथे आलेली माणसे काही आजची नाहीत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल परिचारिका. पण क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगांनीच जास्त दगावले, हे तिने 1858 साली आकृती काढून दाखवले. आपल्याकडे 1931 साली भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन करणारे महालनोबिस मूळचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक.

मैत्रिणीने मात्र पहिल्याच पावलाला ठेच खाल्ली. फोनवर जाहिरात आली, 'नोकरीची हमी'. भिशीचे पंचवीस हजार भरले. मिळाले काय, तर जुने व्हिडिओ! हमीचा शब्द पावतीवर कुठेच नव्हता. घरी सांगायला तिला आठ दिवस लागले. नवरा रागावला नाही. "त्यापेक्षा दुकानात बसत जा" एवढेच म्हणाला. तेच तिला जास्त लागले.

पण ती खरोखरच दुकानात जाऊन बसली. बी-बियाणे आणि खतांचे दुकान. तीन वर्षांच्या उधारीच्या वह्या तिने दुपारच्या वेळात एक्सेलमध्ये भरल्या. "काय करी राहिनी वं?" सासूबाई चार-चारदा विचारायच्या. शेवटी पिव्होट टेबल मांडले, तर सर्वांत जुनी थकबाकी निघाली कुणाची? घरच्याच पाहुण्यांची! नवरोजी त्या संध्याकाळी फारसे बोलले नाहीत.

तेव्हा मैत्रिणींनो, आधी पैसे भरू नका, आधी घरातली वही उघडा. एक्सेल हाताखाली आले की एसक्यूएल, मग थोडे संख्याशास्त्र. सरकारच्या 'स्वयम्'वर कितीतरी अभ्यासक्रम फुकट शिकता येतात, शुल्क फक्त परीक्षेचे. आय. आय. टी. मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी 2020 साली सुरू झाली. बारावी झालेली आणि दहावीला गणित व इंग्रजी असलेली बाई तिला बसू शकते, वयाची अट नाही. चार आठवड्यांचा अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यायची, तीही केंद्रावर जाऊन.

नोकरी लगेच मिळेल असे मी म्हणणार नाही. साध्या बेरजा आणि तक्ते आता यंत्रेच करतात. घरबसल्या कामासाठी झुंबड आहे आणि साक्रीत बसून ओळखी कुठून आणायच्या? पण कुठला प्रश्न विचारायचा हे ज्या बाईला कळते, तिचे काम इतक्यात जाणार नाही असे मला वाटते.

परवा गेले तर कॅलेंडरवर परीक्षेच्या तारखेभोवती लाल गोल होता. सगळेच बरोबर जायचे ठरलेय. त्या रकान्यात दुधाचा खाडा तिने आधीच मांडून ठेवला होता.