गॅस भरण्याआधी फिल्टर पाहा

मे महिन्यात अम्मींना घेऊन आम्ही रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालो. साखरप्याच्या पुढे एसीची हवा मंदावली. पंखा मात्र घोंघावत होता. अम्मींना दम्याचा त्रास. काचा खाली करून आंबा घाट कसाबसा चढलो. वाटेतल्या एका गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता सांगितले, "गॅस संपला." पैसे देऊन गॅस भरला. फरक शून्य.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतूनच फिरतो. एकदम कमी झाला तर कुठेतरी गळती आहे, ती बुजवल्याशिवाय पुन्हा भरणे म्हणजे नाहक खर्च. आमच्याकडे गळतीही नव्हती. हवाच कमी येत असेल तर आधी केबिन फिल्टर पाहावा. बहुतेक गाड्यांत तो डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो, हाताने निघतो. आमचा निघाला तो काळाकुट्ट, वर सुकी पाने. दम्याच्या माणसाला आम्ही हीच हवा देत होतो!

हवा भरपूर पण गार नाही, तर मग गॅस, कॉम्प्रेसर किंवा चिखलाने भरलेला कंडेन्सर तपासून घ्यावा.

हीटरचाही एक उपयोग आहे. घाटात इंजिनाचा काटा चढू लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडावा आणि सुरक्षित जागी थांबावे. आत उकडते, पण इंजिनाची उष्णता बाहेर पडते. पावसात काच आतून धुरकटली तर उलट एसीच लावावा. तो हवेतला ओलावा शोषतो.

हल्ली गाडीत बसण्याआधी अम्मी विचारतात, "जाळी बदलली का रे?"