तत्कारापासून प्रबंधापर्यंत

थेरगावात संध्याकाळी डांगे चौकाच्या आतल्या गल्ल्यांमधून चालत गेलं, की एखाद्या सोसायटीच्या हॉलमधून घुंगरांचा आवाज येतो. आत शिकवणाऱ्या ताईंनी पंधरा-वीस वर्षं नृत्याला दिलेली असतात. ‘आता अभ्यास करून काही लिहावं, पीएच.डी. करावी’ असं त्यांच्या मनात असतं, पण घर आणि क्लास सांभाळून या वयात ते जमेल का, हा घोर असतो. आपलंही असंच असेल तर सांगते, जमतं. कोणत्या टप्प्यावर काय लागतं, ते आधी कळायला हवं.

सुरुवात कागदांपासून करू. पीएच.डी.ला बहुतेकांना पदव्युत्तर पदवी आणि तिच्यात किमान ५५ टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्गांना आणि दिव्यांगांना ५ टक्क्यांची सवलत आहे. पहिली ठेच इथेच लागते. आपली गांधर्व मंडळाची विशारद परीक्षा झालेली असते, अलंकारही झालेली असते आणि तेवढ्यावर प्रवेश मिळेल असं आपण धरून चालतो. पण ती पात्रता एम.ए.च्या बरोबरीची मानायची का, हे ज्या-त्या विद्यापीठाच्या नियमांवर असतं. फोनवरच्या ‘चालेल हो’वर विसंबू नका. अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या.

एम.ए. करावंच लागलं, तर फार लांब जायला नको. औंधमार्गे गणेशखिंडीला गेलं की सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. १९८७ साली सुरू झालेल्या या केंद्रात कथक आणि भरतनाट्यम शिकवलं जातं.

आता विषय. ‘आंतरविद्याशाखीय’ या शब्दाला घाबरू नका. प्रश्न नाचातून येतो, त्याचं उत्तर शोधायची साधनं दुसऱ्या शास्त्राकडून घ्यायची, एवढाच त्याचा अर्थ. आचार्य पार्वतीकुमार भरतनाट्यमचे गुरू. तंजावरचे सरफोजी राजे यांनी मराठीत लिहिलेल्या नृत्यरचना त्यांनी अभ्यासल्या आणि त्या नाचून उभ्या केल्या. त्यासाठी जुनी मराठी आणि इतिहास दोन्हींत शिरावं लागलं. कनक रेळे यांच्याकडे कायद्याची पदवी होती. त्यांनी शरीराच्या हालचालींचं शास्त्र मोहिनीअट्टमला लावलं आणि १९७२ साली मुंबईत नालंदा नृत्यकला महाविद्यालय उभं केलं. उलट बाजूनेही कुणी येतं. शर्मिला रेगे समाजशास्त्राच्या. त्यांनी लावणी कलावंतांच्या जगण्याचा अभ्यास केला.

सगळ्यात जास्त चुका विषय निवडताना होतात. ‘कथकचा इतिहास’ असा विषय घेतला, की दोन वर्षं नुसत्या वाचनात जातात आणि हाती धड काही लागत नाही. त्यापेक्षा रोजच्या क्लासमध्ये खुपणारी गोष्ट घ्या.

कथकचा साधा तत्कार बघा. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. पहिल्या चार मात्रांना पावलं उजवं-डावं-उजवं-डावं, पुढच्या चारांना डावं-उजवं-डावं-उजवं. म्हणजे चौथ्या आणि पाचव्या मात्रेला डावा पाय लागोपाठ दोनदा पडतो. आठव्यानंतर पुन्हा सुरुवात करताना उजव्याची तीच गत. तीनतालाच्या एका आवर्तनात बरोबरीत १६ पदाघात होतात, चौगुणीत ६४. हे सगळं सोसायटीच्या हॉलमधल्या फरशीवर, अनवाणी. लागोपाठ पडणारं ते दुसरं पाऊल जास्त जोरात आपटतं का? टाच दुखते ती त्यामुळे, की फरशीमुळे? हा प्रश्न नाचणाऱ्या बाईलाच पडू शकतो. उत्तरासाठी मात्र फिजिओथेरपीवाल्याची मदत घ्यावी लागेल. विषय असा हवा.

पुढे प्रवेश परीक्षा. तिच्यात निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीवर असतात, म्हणजे माहिती कशी गोळा करायची, नमुना कसा निवडायचा, निष्कर्ष कसा काढायचा यावर. आपल्या विषयात पक्के असलेले कलाकार नेमके इथे अडकतात. या भागाला चार महिने आधी हात घाला.

मार्गदर्शक शोधताना एक लक्षात ठेवा. एका प्राध्यापकाला एका वेळी आठच विद्यार्थी घेता येतात, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चार. त्यामुळे भेटायला जाण्याआधी जागा आहे का ते विचारा. दोन शास्त्रांचा विषय असेल तर दुसऱ्या विभागातला सहमार्गदर्शक घेता येतो. त्याची परवानगी सुरुवातीलाच मागा.

प्रवेशानंतर किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. पीएच.डी.ची मुदत कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. पुनर्नोंदणी करून दोन वर्षं वाढवून मिळतात आणि स्त्रियांना आणखी दोन. नोकरी असेल तर अर्धवेळही करता येते, मात्र कार्यालयाचं ना-हरकत पत्र लागतं.

मग प्रत्यक्ष काम. आपल्याच क्लासमधल्या मुलींवर अभ्यास करणार असाल, तर पालकांची लेखी संमती घ्या. ‘ताईंनी सांगितलं’ म्हणून मुली हो म्हणतात. त्यांना नाही म्हणायची मोकळीक आहे, हे आपणच त्यांना सांगायला हवं. मोबाइलवर चित्रित करताना प्रत्येक फितीला तारीख, ताल, लय आणि जमिनीचा प्रकार लिहून ठेवा. सहा महिन्यांनी शंभर फिती समोर आल्या, की कोणती कुठली ते आठवत नाही.

सगळ्यात अवघड जातं ते गुरूंविषयी लिहिणं. गुरूंचा शब्द आपल्याला प्रमाण असतो. प्रबंधात मात्र तो एक साक्ष म्हणून येतो: कधी सांगितलं, कुठे सांगितलं, आणि दुसऱ्या घराण्याचं त्यावर काय म्हणणं आहे. असं लिहिताना हात अडखळतो. माझ्या मते यात अनादर काहीच नाही. गुरूंना आधी भेटून, आपण काय आणि का तपासतो आहोत ते सांगा. त्यांची मुलाखत ध्वनिमुद्रित करा, लिहून काढा आणि तो मसुदा त्यांनाच वाचायला द्या. ‘असं नव्हतो म्हणालो मी’ म्हणून ते एखादी ओळ बदलतात, आणि बदल करताना कधी चाळीस वर्षांत न सांगितलेलं काही सांगून जातात. तेही तारखेसह टिपून ठेवा.