टीव्ही घेताना (7) : डोळा आणि पडदा यांमधले अंतर

पार्श्वप्रकाशाच्या पट्ट्या पडद्याच्या मागे असाव्यात की कडेला, हा गेल्या वेळी अर्ध्यावर सोडलेला विषय आज पुरा करावयाचा, असे ठरले होते. परंतु डोंबिवली पूर्वेच्या एका वाचकांनी मधल्या दिवसांत जो प्रश्न पाठविला आहे, तो साऱ्या खरेदीच्या मुळाशीच जाणारा असल्यामुळे त्या पट्ट्यांना आणखी एक आठवडा अंधारात ठेवीत आहे. प्रश्न असा : बैठकीची खोली दहा फूट रुंद, जुना 32 इंची संच कायमचा मिटलेला, चिरंजीव म्हणतात 43 इंची फोर-के घ्यावा, विक्रेता त्यांच्या बाजूचा, आणि घरच्या मंडळींचे म्हणणे असे की, पूर्वीएवढाच पुरे. तर खरे कोणाचे?

निवाडा देण्यापूर्वी एक मोजणी करावी लागते, आणि ती दुकानात नव्हे, घरी. दहा फूट हे भिंतीपासून भिंतीपर्यंतचे माप झाले. पाहणारा डोळा काही मागच्या भिंतीत बसविलेला नसतो. सोफ्यावर टेकून बसलेल्या माणसाचा डोळा भिंतीपासून सुमारे दीड फूट पुढे येतो, आणि समोरचा संच ब्रॅकेटवर टांगला तरी चार-पाच इंच पुढे येतोच. म्हणजे हातात उरले आठ फूट. घोडबंदर रस्त्यावरच्या नव्या मनोऱ्यांत हॉलची लांबी अभिमानाने सांगितली जाते. पण संच पुष्कळदा लांब भिंतीवर लागतो आणि माणूस रुंदीतून पाहतो, तेव्हा तिथेही हिशेब फारसा बदलत नाही.

आता हे आठ फूट डोळ्याला किती पुरवितात ते पाहू. नेत्रवैद्याच्या भिंतीवर जो अक्षरतक्ता असतो, त्याचा मूळपुरुष उट्रेख्तच्या हर्मान स्नेलेन यांनी 1862 साली सिद्ध केला. त्या तक्त्यावरची ‘सहास सहा’ दृष्टी म्हणजे, एका अंशाच्या साठाव्या भागात, अर्थात आपल्या पंचांगकर्त्यांच्या भाषेत एका कलेत, मावणारी रेघ वेगळी ओळखता येणे. यावरून एक सोपा गुणाकार निघतो : पडद्यावरच्या एका ठिपक्याची रुंदी 3438 ने गुणली, की ज्या अंतरापलीकडून तो ठिपका शेजारच्या ठिपक्यापासून निराळा दिसत नाही, ते अंतर मिळते. (आर्यभटाने आपल्या ज्यासारणीसाठी वर्तुळाची त्रिज्या 3438 कला घेतली होती, तोच हा आकडा, पंधराशे वर्षांनंतर तो टीव्हीच्या खरेदीत उपयोगी पडावा, याचे मला अजूनही कौतुक वाटते.)

32 इंची पडद्याची रुंदी सुमारे 71 सेंटिमीटर. एचडी रेडी म्हणजे त्या रुंदीत 1366 ठिपके. एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरहून किंचित मोठा. गुणाकाराचे उत्तर पावणेसहा फुटांच्या थोडे पुढे. 43 इंची पडदा 95 सेंटिमीटर रुंद. त्यावर फुल एचडीचे 1920 ठिपके असतील, तर उत्तर साडेपाच फुटांच्या आसपास. आणि फोर-केचे 3840 असतील, तर पावणेतीन फूट. म्हणजे आमचे वाचक जिथे बसणार आहेत त्या आठ फुटांवरून 43 इंची फुल एचडी आणि 43 इंची फोर-के यांतला ठिपक्यांचा भेद निकोप डोळ्यालाही कळणार नाही. चाळिशीचा चश्मा लागलेल्यांची गोष्टच सोडा. मात्र पावणेतीन फुटांवरून तो कळतो, आणि नेमक्या त्याच अंतरावरून आपण संच विकत घेतो! मानपाडा रस्त्यावरच्या किंवा ठाण्यातल्या गोखले रस्त्यावरच्या एखाद्या दुकानाच्या चिंचोळ्या वाटेत उभे राहावे, समोर भिंतभर संच, त्यांवर निर्मात्याने खास तयार केलेली फुलांची व पोपटांची चित्रफीत, रंग आणि उजेड दुकानासाठी म्हणून चढवून ठेवलेले, आणि मागे सरकायला जागा नाही. अशा स्थितीत फोर-के जिंकल्यावाचून राहील कसा? दुकानातली ही तुलना खोटी नसते. ती दुसऱ्याच घराची असते.

एवढ्यावरून चिरंजीवांचा दावा संपूर्ण फेटाळला जातो असे मात्र नाही. 32 इंची आणि 43 इंची यांत कर्णाचा फरक एक तृतीयांशाएवढा दिसतो, परंतु क्षेत्रफळ जवळजवळ एक पूर्णांक आठ दशांश पट होते, आणि आठ फुटांवरून चित्रपट किंवा क्रिकेटचा सामना पाहताना ते जाणवते. तेव्हा आकाराविषयी त्यांचे खरे, ठिपक्यांविषयी नाही. हल्ली 43 इंचीत फुल एचडीचे नमुने कमी होत चालले आहेत, म्हणून फोर-केच पदरात पडला तर हरकत नाही. पण दोन्ही प्रकार समोर असतील, तर केवळ त्या दोन अक्षरांपोटी जादा रक्कम मोजण्याचे कारण दिसत नाही.

आणि घरच्या मंडळींचे? त्यांचे म्हणणे मला सर्वांत विचारी वाटते, परंतु एका अटीवर. ज्या घरात केबलवरून साध्या वाहिन्या लागतात, तिथे चित्र येते ते 576 ओळींचे. पडदा कितीही सूक्ष्म ठिपक्यांचा असला, तरी आलेल्या ओळी तेवढ्याच. त्या ताणून मोठ्या पडद्यावर पसरल्या जातात. ओळींच्या हिशेबाने 32 इंची पडद्यावर हे चित्र आठ फुटांवरून नीट बसते. 43 इंचीवर तेच चित्र डोळ्याला बोचू नये, तर साडेदहा फूट मागे जावे लागते, म्हणजे दहा फुटी खोलीत भिंत फोडून शेजाऱ्यांकडे. संध्याकाळच्या मालिका साध्या वाहिनीवर पाहणाऱ्या कुटुंबाने मोठा संच आणला, की ‘नवा टीव्ही धुरकट दिसतो’ ही तक्रार येते, आणि सेवा केंद्राचा माणूस येऊन, संचात काही दोष नाही, असे खरेच सांगून जातो. घरात एचडी वाहिन्यांचे पॅकेज असेल किंवा चित्र इंटरनेटवरून येणार असेल, तर अट पुरी होत नाही आणि 43 इंचीचा मार्ग मोकळा होतो. म्हणून दरपत्रके ताडून पाहण्याआधी केबलचे बिल काढून पाहावे.

किमतीविषयी एवढेच, कारण तो सविस्तर भाग अजून दूर आहे. 32 इंचीच्या वर्गात एवढी गर्दी का, याचे उत्तर बऱ्याच अंशी करात आहे. 1 जानेवारी 2019 पासून 32 इंचांपर्यंतच्या संचांवर 18 टक्के आणि त्याहून मोठ्यांवर 28 टक्के वस्तू व सेवा कर होता. ही दरी 22 सप्टेंबर 2025 रोजी बुजली आणि सर्वांवर 18 टक्के झाले. करापूर्वी 20,000 रुपये मूल्य असलेला 43 इंची संच पूर्वी 25,600 ला पडे, तो आता 23,600 ला पडावा. 32 इंचीवरचा कर त्या दिवशी कमी झालाच नाही, तेव्हा ‘जीएसटी उतरला म्हणून स्वस्त’ अशी पाटी त्यावर दिसली, तर सवलत असेल, पण कारण दुसरे काही असेल. वाचकांनी जाता जाता विचारले आहे की मुंबईहून आणला तर स्वस्त पडेल काय. मुंबईच्या हद्दीवर मुलुंड नाक्यावर जकात भरावी लागे, ती 1 जुलै 2017 ला संपली. कर आता डोंबिवलीत तोच आणि लॅमिंग्टन रस्त्यावर तोच. फरक पडला तर तो विक्रेत्याच्या नफ्याचा आणि बँकेच्या कार्डावरील सवलतीचा. आणि लोकलच्या लगेज डब्यातून खोके सांभाळीत आणण्यात जे वाचते, ते घरी ब्रॅकेट ठोकणाऱ्याच्या मजुरीत बहुधा जाते.