भाकरीच्या घरी जन्मलेला प्रभू

बेथलेहेम ह्या हिब्रू नावाचा अर्थ ‘भाकरीचे घर’ असा आहे. ज्याचा जन्मोत्सव आज जगभर साजरा होत आहे, त्या प्रभू येशू ख्रिस्ताचा जन्म अशा नावाच्या गावी व्हावा आणि त्यास गव्हाणीत निजवावे लागावे, ह्यात भाविकांना मोठा अर्थ दिसत आला आहे. पुढे शिष्यांना प्रार्थना शिकविताना त्याने स्वर्गीय पित्यापाशी मागावयास सांगितली ती वर्षाची बेगमी नव्हे, तर त्या दिवसापुरती भाकर. अरण्यात भटकणाऱ्या इस्राएली लोकांना मान्ना मिळे, तोही रोजच्या रोज वेचावा लागे. हव्यासाने उद्यासाठी राखून ठेवला तर त्यात किडे पडत. केवळ शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट वेचण्याची मुभा होती.

होटगीच्या शेतकऱ्याला ही शिकवण परकी वाटू नये. सोलापूरकडील काळ्या रानात भाद्रपद-आश्विनात शाळू पेरला जातो. त्यानंतर पावसाचा भरवसा नसतो. जमिनीने पोटात धरून ठेवलेल्या ओलीवरच ताटे उभी राहतात. नाताळच्या सुमारास ती कणसावर येतात. दिसत नसलेल्या ओलीवर विसंबून बी मातीत टाकणे ही एक प्रकारची श्रद्धाच होय. परंतु ती रिकाम्या हातांची श्रद्धा नव्हे. तिच्यापूर्वी नांगरट असते आणि नंतर राखणही असते.

तरीही एक प्रश्न उरतोच. आकाशातील पाखरे पेरीत नाहीत, तरी पिता त्यांना खावयास देतो, असे प्रभूने सांगितले. हे वचन उपाशी माणसाने कसे ऐकावे? १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून मिळणाऱ्या मजुरीवर आणि सुकडीवर दिवस काढलेल्या ह्या जिल्ह्याला तो प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे.

ह्याच प्रश्नातून पंडिता रमाबाईंचे आयुष्य घडले. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान व निष्ठावान पुराणिक होते. तीर्थयात्रा, दानधर्म व अनुष्ठाने करता करता द्रव्य सरले आणि दुष्काळ ओढवला. मोलमजुरीची सवय नव्हती आणि भीक मागण्याची लाज वाटे, असे रमाबाईंनीच पुढे लिहून ठेवले आहे. १८७४ मध्ये वडील गेले. पाठोपाठ आई आणि थोरली बहीणही गेली. उपासमार काय असते, हे रमाबाईंना पुस्तकांतून शिकावे लागले नाही.

त्याच रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन उघडले. पुढे ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर ह्यांचे चरित्र त्यांच्या वाचनात आले. म्यूलर ह्यांनी कोणापुढेही हात न पसरता, केवळ प्रार्थनेच्या बळावर हजारो अनाथ मुलांचा सांभाळ केला होता. तिकडे जो देव पुरवठा करतो, तो हिंदुस्थानात करणार नाही काय, असा विचार रमाबाईंच्या मनात आला.

त्याची कसोटी लवकरच लागली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० निराधार मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. शारदासदनासाठी अमेरिकेतील मंडळाने दहा वर्षे साहाय्य करण्याचे ठरविले होते. ह्या नव्या मुलींसाठी मात्र असा ठरलेला निधी नव्हता. होटगीहून सोलापूर, कुर्डुवाडी, दौंड करीत पुण्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दौंडच्या पुढे केडगाव लागते. तेथे मुक्तिसदन उभे राहिले. पुढील दुष्काळानंतर तेथील कुटुंब हजाराच्या वर गेले.

रमाबाई प्रार्थना करीत, पण प्रार्थना करून स्वस्थ बसत नसत. त्यांनी विहिरी खणविल्या, फळबाग लावली, गुरे पाळली, माग बसविले, छापखाना घातला. श्रमाची लाज बाळगून आपले आईवडील उपाशी राहिले, हे त्या विसरल्या नव्हत्या. म्हणून मुक्तिसदनातील मुलींना अक्षराबरोबर कामही शिकविले गेले. देवाने द्यावे, परंतु घेणारा हात कामाने मळलेला असावा, अशी ही श्रद्धा होती. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. त्यांची संस्था मात्र आजही केडगावात उभी आहे.

शुभवर्तमानातही पाच हजारांच्या तृप्तीचा आरंभ एका मुलाच्या शिदोरीतील जवाच्या पाच भाकरींपासून झाला. आपल्याच जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा तरी दुसरे काय सांगते? त्यांनी कोठार उघडले, आणि मग विठ्ठलाने त्याची भरपाई केली. देवाचे दान बहुधा कोणाच्या तरी हातूनच दारी येते.

म्हणूनच प्रभूच्या प्रार्थनेत ‘माझी’ भाकर नाही, ‘आमची’ आहे. ती प्रार्थना करणारा आपल्या ताटाबरोबर शेजाऱ्याचेही ताट देवापुढे ठेवतो आणि ते भरण्याचे काम नकळत स्वतःच्या शिरावर घेतो. नाताळच्या ह्या पवित्र दिवशी ज्या घरी चूल पेटली आहे, त्या घराने पेटली नसलेल्या घराची आठवण ठेवावी. आणि भाकरीच्या घरी जन्मलेला प्रभू दोन्ही घरांत नांदो!